वेल्डर पाहिजे, अनुभव किमान ५ वर्षे (पण का?)

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे एमआयडीसीत. टाक्या, पाइपिंग, अधूनमधून एखादं प्रेशर व्हेसल (दाब सहन करणारी बंद टाकी). माणसं तीसेक. गेल्या महिन्यात दोन टिग वेल्डर (आर्गन वायूच्या आडोशात, दुसऱ्या हाताने वायर भरत जोड मारणारे) हवे होते म्हणून जाहिरात दिली, आणि हात सवयीने लिहून गेला: 'अनुभव किमान ५ वर्षे'. मी ही ओळ कुठून उचलली माहितीये? बाजूच्या गाळेवाल्याच्या जाहिरातीतून. त्याने कुठून उचलली, देव जाणे.

सात जण आले. त्यातल्या एकाकडे ११ वर्षांची अनुभवपत्रं होती, प्लास्टिकच्या फाइलीत नीट लावलेली. बोलायला चोख. मी मनात त्याला ठेवूनच घेतला होता. तरी रिवाज म्हणून कूपन, म्हणजे चाचणीचा जोड, मारायला दिलं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहा इंची पाइपाचे दोन तुकडे घ्यायचे, कडांना साडेसदतीस अंशांचा उतार काढायचा, मध्ये तीन मिलिमीटरची फट ठेवून टॅक (तात्पुरते ठिपके) मारायचे आणि पाइप ४५ अंशांत तिरका बांधायचा. याला आमच्यात ६जी म्हणतात. पाइप फिरवायचा नाही, माणसाने फिरायचं. वर, बाजूला, आणि शेवटी घड्याळातल्या सहाच्या जागी, जिथे वितळलेलं लोखंड तुमच्या तोंडावर पडायला बघत असतं. पहिला थर म्हणजे रूट. तो पाइपाच्या आतून बघायचा. बाहेरून कोणीही पॉलिश मारून देखणं करू शकतो, आतून खोटं बोलता येत नाही.

११ वर्षंवाल्याचं वरचं काम सुरेख होतं. आत बॅटरी मारून बघितलं तर सहाच्या जागी रूट आत ओढला गेलेला, आणि चारच्या आसपास एक कडा वितळलीच नव्हती. गडी कसनुसा झाला. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगू? अकरा वर्षं प्लेटीवरच काम केलंय. पाइप शेवटचा कधी धरला आठवत नाही."

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे एक पोरगा आठ महिने हेल्पर होता. ग्राइंडर मारायचा, सिलिंडर ढकलायचा. गावाकडे आठवीपासून सुट्टीत गेट-ग्रिलच्या दुकानात बसायचा, एवढंच त्याचं भांडवल. दहावी दुसऱ्या झटक्यात. आयटीआय नाही. पण मी एक बघून ठेवलं होतं. चहाच्या वेळी बाकीचे मोबाइलात, आणि हा फिलर वायरचा (जोडात वितळवून भरायच्या तारेचा) तुकडा दोन बोटांत धरून अंगठ्याने पुढे सरकवत बसायचा. हात जागचा हलत नाही, नुसती वायर पुढे. टिगमध्ये निम्मी कला तिथेच आहे. मी विचारलं तर लाजून म्हणाला, "सवय व्हावी म्हणून."

त्या संध्याकाळी एक कूपन उरलं होतं. म्हटलं, मार रे. दीड तास लागला त्याला, अनुभवी माणसाच्या दुप्पट. आत बघितलं तर रूट सगळीकडून सारखा, सव्वा-दीड मिलिमीटर. सहाच्या जागीसुद्धा. पट्ट्या कापून बेंड टेस्टला पाठवल्या. चारही वाकल्या, एकही उघडली नाही.

आता माझा प्रश्न. आम्ही ज्या संहितेप्रमाणे वेल्डर पास करतो (एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेचं सेक्शन ९), ती वेल्डरला वर्षं विचारतच नाही. म्हणते, जोड दाखव. मग मी जाहिरातीत ५ वर्षं का लिहितो? तुमच्या क्षेत्रात काय चालतं? जाणकारांनी लिहावं.

सुमेधा_के

चांगला धागा. मी पुण्यात आयटी कंपनीत एचआरला आहे, त्यामुळे आधी शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते.

५ वर्षं का लिहितात? तर ४०० अर्ज येतात म्हणून. ते ४० वर आणायचे असतात, आणि 'वर्षं' हा एकच रकाना असा आहे की ज्यावरून कोणी आमच्याशी भांडू शकत नाही. 'तुमच्यात चमक दिसली नाही' असं लिहून नाकारता येत नाही, 'अनुभव कमी' असं लिहून येतं. आणि घेतलेला माणूस उद्या फुसका निघाला तर मॅनेजरला म्हणता येतं, अहो आठ वर्षांचा अनुभव होता की! थोडक्यात, ती अट चांगला माणूस मिळावा म्हणून नसते, आमची पाठ झाकावी म्हणून असते.

गंमत म्हणजे आमच्याच अभ्यासशाखेत हे मोजून झालंय. २०१९ साली ८१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी बघितलं, की नोकरीला लागण्याआधीचा अनुभव आणि नंतरचं काम यांचा संबंध किती. सहसंबंध निघाला ०.०६. म्हणजे जवळजवळ नाहीच. प्रशिक्षणात मी हे दाखवते, लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी 'किमान ५ वर्षे' टाकून मला जाहिरात पाठवतात.

तळेगावकर

@भट्टीवाला, कूपनची गोष्ट मस्त. पण आमच्याकडे (सॉफ्टवेअर) कूपन म्हणजे 'घरी बसून हे ॲप बनवून आणा'. शनिवार-रविवार घालवून बनवायचं, पाठवायचं, आणि पुढे पोचही नाही. माझ्या मित्राने असे चार ॲप बनवले. पाचव्याला त्याने पैसे मागितले तर त्यांना राग आला. चाचणी घ्या, पण माणसाचा वेळ फुकटचा नसतो.

भट्टीवाला

मान्य. माझं कूपन दोन तासांत होतं, पाइप माझा, आर्गन माझा, चहा माझा. नापास झाला त्यालाही येण्याजाण्याचं भाडं देतो. हे मी काही थोर म्हणून करत नाही. ते नाही केलं तर पुढच्या वेळी नाक्यावरून कोणी फिरकत नाही.

कुंडल_रोड

माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल कुठला आहे ते. हा विषय निघाला आणि किर्लोस्करवाडी आली नाही असं कसं होईल?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे.मध्ये गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट कळत नाहीत हे लक्षात आलं आणि चित्रकला सुटली. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली. नोकरी सोडून बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना, तीच किर्लोस्करवाडी. आसपास निवडुंग आणि साप.

पण मला सांगायचंय ते त्यांनी जमवलेल्या माणसांबद्दल. अनंतराव फळणीकर शाळेत फार पुढे न गेलेले, ते तिथे कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी मॅट्रिकही झाले नव्हते, त्यांनी व्यवस्थापनापासून कायदेशीर कामापर्यंत सगळं अंगावर घेतलं. आणि वसाहतीच्या राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याची शिक्षा झालेले! आजच्या एचआरच्या कुठल्या रकान्यात बसवाल? (सुमेधाताई, हलकं घ्या.)

मला वाटतं, ज्याला स्वतःला कागदाने डावललंय तोच माणसाकडे कागदाच्या पलीकडे बघतो.

रंकाळा_वारा

सांगलीकर कोल्हापूरला विसरणार हे ठरलेलंच! बाबूराव पेंटर. शिकलेले म्हणाल तर घरातली सुतारकी आणि स्वतःची नजर. सिनेमा काढायला कॅमेरा मिळेना, तर गडी कोल्हापुरात बसून स्वतः कॅमेराच बनवतो. आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकलेल्या मंडळींनी पुढे १९२९ साली प्रभात काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल. यांच्यातल्या कोणाला सिनेमाचा 'आधीचा अनुभव' विचारला असता तर?

रोखठोक_बाई

वर दोन्ही उदाहरणं छान आहेत, पण एक शंका. कॅमेरा बनवणारा एक बाबूराव आपल्याला माहीत आहे. कॅमेरा बनवायला घेऊन जन्माचं नुकसान करून घेतलेले किती असतील, ते कोण लिहून ठेवणार?

आणि 'चमक दिसली' हा प्रकार तर मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. चमक कोणाला कोणात दिसते? साहेबांच्या गावचा, साहेबांसारखं बोलणारा पोरगा 'चुणचुणीत' असतो. दुसरा तेवढाच हुशार असून 'आगाऊ' ठरतो. मुलींचं तर विचारूच नका. माझ्या भाचीने आयटीआयला वेल्डर ट्रेड केला. प्रत्येक ठिकाणी 'बाळ, ऑफिसात बसशील का?' पाच वर्षांच्या अटीत निदान एक बरं असतं, आकडा सगळ्यांना सारखा लागतो.

भट्टीवाला

@रोखठोक_बाई, हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. खरंय, त्या पोराची बोटं मला दिसली कारण तो माझ्यासमोर चहा प्यायचा. रात्रपाळीत एखादा असेल तर त्याची मला दिसणार नाहीत. म्हणूनच मी म्हणतो, चमक नको, कूपन घ्या. सगळ्यांना तोच पाइप. बेंड टेस्टच्या यंत्राला कोण कुठला कळत नाही. भाचीला पाठवा, खरंच सांगतो.

निवृत्त_नाना

३४ वर्षं तपासणीत काढली, शेवटची १२ थर्ड पार्टी (बाहेरचा, तटस्थ) इन्स्पेक्टर म्हणून. भट्टीवाल्यांचं कौतुक आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

कूपन म्हणजे काम नव्हे. कूपन कमरेच्या उंचीवर, पंख्याखाली, एकदाच मारायचं असतं. शटडाउनमध्ये (कारखाना दुरुस्तीला बंद असताना) तोच जोड दोन पाइपांच्या मध्ये मान वाकडी करून, आरशात बघत, रात्री तीनला मारायचा असतो. तिथे हात कापत नाही तो वेल्डर.

एक किस्सा. एका कारखान्यात असाच एक पोरगा होता. हात असा, की त्याच्या जोडावरून बोट फिरवलं तर कळत नसे कुठे थांबला आणि कुठे सुरू केलं. पावसाळ्याचे दिवस. जाड प्लेट. ७०१८ चा रॉड (आर्क वेल्डिंगची लेप दिलेली कांडी) ओव्हनमध्ये भाजून, गरम डब्यात ठेवून वापरायचा असतो, कारण त्याचा लेप ओल ओढतो. ओलीतून हायड्रोजन जोडात शिरतो. या पोराने पाकीट फोडलं आणि सरळ काम चालू केलं. ओव्हन शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, पावसात कोण जाणार? संध्याकाळी जोड आरशासारखा. मी बघून गेलो, मलाही दोष दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेला केसासारखी चीर, हातभर लांब. सगळा जोड खरवडून काढला, चार दिवस गेले.

त्या पोराच्या हातात काही कमी नव्हतं. फक्त आजचं चांगलं दिसणारं काम उद्या कसं फुटतं, हे त्याने पाहिलेलं नव्हतं. अनुभव म्हणजे माझ्या लेखी एवढंच: फुटलेलं पाहिलेलं असणं.

सुमेधा_के

नाना, हे वाक्य मी चोरणार आहे. पण बघा, तुम्ही म्हणता तो अनुभव आणि रकान्यातली 'वर्षं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी वर दिलेला आकडा बऱ्याच अंशी वर्षांचा आणि आधीच्या नोकऱ्यांचा आहे. फुटलेलं किती पाहिलं, हे अर्जात विचारतच नाही कोणी. आता मुलाखतीत विचारीन, 'तुमच्या हातून बिघडलेलं एक काम सांगा'.

निवृत्त_नाना

विचारा. जो म्हणेल काहीच बिघडलं नाही, त्याला नमस्कार करून पाठवून द्या.

आणि भट्टीवाल्यांच्या बाजूचाही एक मुद्दा देतो, नाहीतर म्हाताऱ्याने पक्षपात केला म्हणाल. त्याच सेक्शन ९ प्रमाणे वेल्डरने सहा महिने ती प्रक्रिया वापरली नाही तर त्याची पात्रता संपते. मग मागची ११ वर्षं असोत नाहीतर २१. परत कूपन. म्हणजे संहिता अनुभवाला विचारत तर नाहीच, वर शिळाही धरते.

बॉयलरचं मात्र वेगळं आहे. तिथे सरकारी बॉयलर खात्याचा दाखला लागतो, हात कितीही गोड असो. आणि ते बरोबरच आहे.

स्टुटगार्टची_शामल

इकडचं थोडं लिहिते. जर्मनीत शाळा संपली की आउसबिल्डुंग: आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम, काही दिवस व्यवसायशाळा, दोन ते साडेतीन वर्षं. सव्वातीनशेच्या आसपास व्यवसायांना हे आहे, पाववाल्यापासून मेकॅट्रॉनिक्सपर्यंत. पहिल्या महिन्यापासून पगार. म्हणजे 'टॅलेंट की अनुभव' हे भांडणच उरत नाही, कारण कच्च्या पोराला अनुभव द्यायची जबाबदारी कंपनीने उचललेली असते.

पण याची दुसरी बाजू मी भोगली आहे. इथे कागदाचं वेड आपल्यापेक्षा जास्त. माझ्या नवऱ्याला सुतारकाम उत्तम येतं, कागद नाही, म्हणून कोणी दारात उभं करेना. शेवटी एका सुतारशाळेच्या मालकाने 'प्रोबआर्बाइटन'ला, म्हणजे एक दिवस करून बघायला बोलावलं. दुपारी दोनला मालक म्हणाला, सोमवारपासून या. चार वर्षं झाली.

(अवांतर: 'सुतारशाळा' हा शब्द मी कोकणातल्या आजोबांकडून ऐकलाय, अजून वापरतात का?)

रंकाळा_वारा

वापरतात की! आमच्याकडे 'सुतारमेट' पण म्हणतात.

हजेरीपत्रक

सगळा धागा वाचला. मी मालक नाही, एचआर नाही. टिग-आर्क दोन्ही करतो, १४ वर्षं. मोबाइलवरून लिहितोय, चुका होतील.

भट्टीवाले साहेब, तुम्ही त्या पोराची गोष्ट लिहिली. ती मला माझीच वाटली. मलाही एका मालकाने असंच हेल्परमधून उचललं होतं. सगळ्यांना दाखवायचे, "बघा, हिरा आहे हिरा". पाहुणे आले की मला मास्क काढायला लावून ओळख करून द्यायचे. तीन वर्षं मी त्यांचे एक्स-रेचे (एक्स-रे काढून तपासतात ते) जोड मारले. तीन वर्षं हजेरीपत्रकावर 'हेल्पर, अकुशल'. पगार हेल्परचा. विचारलं की, "तुझ्याकडे कागद कुठाय?"

सोडून निघालो तेव्हा अनुभवपत्र मागितलं. म्हणाले, हेल्परचं देतो, वेल्डरचं कसं देऊ, तू वेल्डर नव्हतासच.

तुम्ही लोक म्हणता कागदाला महत्त्व देऊ नका. देऊ नका. पण कागद न बघता काम द्यायचं आणि कागद बघून पगार ठरवायचा, हे आम्ही लई बघितलंय. आणि आमच्या हातातलं कसब गेटबाहेर दिसत नाही. प्लास्टिकच्या फाइलीवर हसू नका. दुसऱ्या गेटवर आत सोडायला तेवढंच असतं आमच्याकडे.

त्या पोराचा हजेरीवर हुद्दा काय आहे?

रोखठोक_बाई

_/\_

निवृत्त_नाना

हजेरीपत्रक, बरोबर बोललात. यात तांत्रिक भर घालतो. वेल्डरच्या पात्रतेचा कागद कंपनीच्या नावाने असतो, जबाबदारी कंपनीची. नव्या कंपनीने तो जसाच्या तसा धरायचा नसतो, परत चाचणी घ्यायची. त्यामुळे माणूस पाच ठिकाणी पास झाला तरी सहाव्या गेटवर कोराच. आणि बहुतेक शॉपमध्ये ती प्रत क्वालिटीच्या कपाटात असते, वेल्डरला दाखवतही नाहीत. मीच सह्या केलेत शेकडो कागदांवर. एकदाही म्हटलं नाही, याची एक प्रत त्याला द्या.

भट्टीवाला

दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण उत्तर 'हेल्पर' असं होतं.

टाळलं होतं असं नाही, डोक्यातच आलं नव्हतं. कूपन पास झाल्यावर पोरांना पेढे वाटले, फोटो काढला, त्याला टिगवर बसवला आणि मी इथे धागा काढायला आलो. हजेरी लेबरवाला कॉन्ट्रॅक्टर भरतो, तो जुनंच पुढे ओढत होता.

काल त्याला ऑफिसात बोलावलं. एक तारखेपासून माझ्या हजेरीवर, 'वेल्डर, कुशल', बाकीच्या दोघांचा जो दर तोच याचा. नानांनी सांगितलेला ओव्हनचा किस्साही वाचून दाखवला. तर म्हणतो, "साहेब, आपला ओव्हन बंदच असतो की." गेलो, बघितलं. खरंच बंद. कॉइल जळलेली, कधीपासून ते कोणाला माहीत नाही. अनुभवी वेल्डर दोन आहेत माझ्याकडे, एकानेही सांगितलं नव्हतं. नाना, यावर तुम्ही काय म्हणाल?

निवृत्त_नाना

म्हणेन की सांगून दमले असतील. आधी कॉइल बदला, मग त्यांना विचारा.

भट्टीवाला

विचारलं. एकाने दोनदा सांगितलं होतं. माझ्याच मोबाइलवर मेसेज आहे.

असो. आता कामाचं. त्याचं पत्र टाइप करायला बसलोय. हजेरीपत्रक, तुम्हालाच विचारतो. 'पासून' या रकान्यात कुठली तारीख घालू? लागला तो दिवस, कूपन पास झालं तो, की एक तारीख?

हजेरीपत्रक

कूपनची तारीख घाला. आणि पाइपाचा साइज, ६जी, टिग, सगळं लिहा. नुसतं 'वेल्डर' लिहिलं तर पुढचा मालक गेट-ग्रिल समजतो.

सही-शिक्क्याची प्रत त्याला द्या. झेरॉक्स तुम्ही ठेवा.